काळ्या दातांची माझी आई

आये,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. काल दादाने फोटो आणला, तर फ्रेममध्ये भलतीच बाई! म्हणून लिहायला बसले. चुका होतील, पण तुला तरी कुठं वाचता येत होतं?

मानपाड्याच्या फोटोवाल्याने तुझे दात पांढरे करून दिले गं! दादा खूश. "फ्रीमध्ये साफ केले त्याने."

"घाण होती का ती?" मी ओरडलेच.

"सुमे, लोक येणार उद्या. बरं दिसतं."

हिरडा आणि हिराकस, ते लोखंडाचं मीठ, कुटून काळं दातवण करायचीस, बोटाने दातांवर घासायचीस. मला लावायला आलीस की मी पळायचे. आबा गेले तेव्हा बायांनी तुझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. तू म्हणालीस, "दात पुसून दाखवा. लग्नापासून लावतेय, एवढं त्यांच्या नावाचं राहणार." अशी तू! मग डोंबिवलीत आल्यावर चाळीतल्या बाया हसल्या तर तोंडावर पदर का घेतलास? हासडायची होतीस एक शिवी!

परवाच पिंकीने मोबाईलवर दाखवलेलं. परदेशात कुठे जुनी थडगी खणली, हजारो वर्षांपूर्वीची. माणसांचे दात काळे. शिकलेल्यांनी तपासले, तर त्यात लोखंड. "मम्मी, किडलेले नाहीत, मुद्दाम रंगवलेले. आजीसारखे!" पोरगी नाचत होती, मला रडू फुटलं. मातीत राहूनही त्यांचा रंग गेला नाही. तुला तर आम्ही जाळलं. तुझं काय सापडणार कुणाला?

पदर सोडून हसलेला तुझा तो एकच फोटो, पिंकीच्या हळदीतला. मूळचा फोटोवाल्याने पुसून टाकलेला, आणि दादाचा मोबाईल तर हरवलाच. आज फ्रेम उचलली आणि फोटोवाल्याकडे ठाण मांडून बसले. त्याने कॉम्प्युटरवर आधी दातांना कोळसा फासला. म्हटलं, असे नाही, पिकल्या जांभळासारखे. चमक आण. खालचा डावीकडचा अर्धा तुटलेला कर. डोळे मिटले की सगळं दिसत होतं मला.

"काकी, अजून किती वेळ?"

"आई दिसेपर्यंत."

दिसलीस गं, आये. तिथंच हुंदका आला.

दातवणात आणखी काय घालायचीस, ते विचारायचं राहूनच गेलं. पळत होते ना मी!

उद्या पान तुझ्या याच फोटोसमोर वाढेन. कुणी दातांकडे बघून नाक मुरडलं, तर आबांचं नाव घेऊन सांगेन, मोठ्याने, तोंडावर पदर न घेता. आता तुला कुणाला पुसू देणार नाही.

तुझी पांढऱ्या दातांची,
सुमन