खालच्या तुकड्यातला भात

आई, आज पनवेलला एका बैठकीला जाऊन आले आणि हातपाय धुवायच्या आधी हे लिहायला बसले. भाताच्या नव्या वाणांबद्दल बायकांचं मत हवं म्हणून बोलावणं होतं. पंख्याखाली खुर्च्या, चहा, आणि आम्ही पुढच्या रांगेत. शेजारी बसलेली एक नवी सून मला विचारते, "काकी, पयल्यापासून असंच बोलवतात का?" मी नुसती हसले. मी चिरनेरहून लग्न होऊन तुमच्या घरी आले, तेव्हा नव्वद साल नुकतंच मागे पडलं होतं, आणि तेव्हा कोणी बोलवत नव्हतं. तुम्ही न बोलावता गेलात.

ती कापणी मला लख्ख आठवते. संशोधन केंद्रातल्या साहेबांनी आपल्या खाडीकडच्या शेतात वेगवेगळ्या भातांचे पट्टे लावले होते, खारं पाणी सोसून कोणतं तगतं ते बघायला. त्या दिवशी शेतकऱ्यांनी यायचं आणि आवडलेल्या भाताला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे पुढे कोणतं वाण वाढवायचं ते ठरेल. शेतकरी म्हणजे मामंजी आणि गावातले पुरुष. आपण बायका शेजारच्याच तुकड्यात वाकून कापत होतो. तुम्ही कंबर सरळ केलीत आणि विळा हातात तसाच धरून बांध ओलांडलात. "सायेब, शेतकऱ्यांना बोलावलाय ना? मंग आमी कोन हाव?" बांधावर हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. "बोलवायला हवं होतं. या सगळ्या," म्हणाले आणि दोऱ्याचं रीळ तुमच्यापुढे धरलं.

पुरुषांचे दोरे एका बुटक्या, भरगच्च लोंब्यांच्या भाताला बांधलेले. तुम्ही तिकडे बघितलंसुद्धा नाहीत. एका उंच भाताजवळ थांबलात, दाणा सोलून दाताखाली धरलात, भाताचं ताट वाकवून पाहिलंत. "याची भाकर मऊ व्हईल. गुरांना पेंढापन मिलेल," म्हणत दोरा बांधलात. तुमच्यामागून मीही तिथेच बांधला. तुम्ही माझी गाठ सोडलीत आणि दोरा माझ्या तळहातावर ठेवलात. "सासूच्या मागं मागं नको येव. तुला काय पायजे ता बघ." सगळ्यांसमोर! माझे कान तापले. पण मग मी खरंच बघू लागले. घरात झोडणी माझ्या वाट्याची. म्हणून ज्याचे दाणे हलक्या हाताने सुटत होते, ते भात शोधलं आणि तिथे दोरा बांधला. लग्नानंतर स्वतःच्या मनाने केलेली ती माझी पहिली गोष्ट असावी.

संध्याकाळी मामंजी चुलीपाशी येऊन उभे राहिले. "चार मानसांत माजा मान काय ऱ्हायला?" तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. "मी भात निवडला. दुसरा नवरा नाय निवडला." मी पदर तोंडात कोंबला. मामंजी म्हणाले, "तर तुजा भात तू लाव. खालचा तुकडा घे." खालचा तुकडा म्हणजे उघाडीजवळचा, बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी, खाडीचं पाणी आत घुसलं की आधी तोच बुडायचा. "घेतला," एवढंच तुम्ही बोललात.

पुढच्या पावसाळ्यात ते भात खाऱ्या पाण्यालाही पुरून उरलं. गणपतीत बायका मुद्दाम बघून जायच्या. आणि मग कापणी तोंडावर आलेली असताना एका दुपारी वारा सुटला, पाऊस आला, आणि उंच ताटं मुळापासून कलली. दुसऱ्या दिवशी सगळा तुकडा चिखलात आडवा. वरच्या शेतात मामंजींचं बुटकं भात मात्र ताठ उभं. आपण दोघी गुडघाभर चिखलात बसून लोंब्या वेचतोय, काही दाण्यांना मोड फुटलेत, आणि बांधावरून कोणीतरी ओरडतंय, "बायकांचा भात झोपला रं!" तुम्ही मान वर केली नाहीत. मी रडत होते. तुम्ही म्हणालात, "रडून लोंबी सुकत नाय. उचल."

नंतर केंद्रातून पुन्हा निरोप आला, पनवेलला या. घरात सगळ्यांना वाटलं, आता तुम्ही जाणार नाही. तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसलात आणि मला म्हणालात, "चल." तिथे गावातला एक जण उठून बोललाच, "सायेब, गेल्या साली बघितला ना? बायकांना इचारून काय झाला?" तुम्ही उभ्या राहिलात. आवाज जराही चढला नाही. "माजा भात झोपला. माजी निवड चुकली. तुमची पन किती येला चुकली, तरी तुमाला परत बोलावतात. मंग मला एकदाच का?" कोणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, "मग काय हवं तुम्हाला?" "दाना ह्योच ठेवा. ताट आखूड करा. आन् माजी सून बोलते तसा, झोडायला हलका." साहेब म्हणाले, त्यासाठी दोन भातांचा संकर करावा लागेल, मग दरवर्षी त्यातून निवडत जावं लागेल, बरीच वर्षं जातील. "करा. आमी येव."

आणि तुम्ही गेलात, दर कापणीला. गुडघे धरले तरी गेलात. कधी साहेब बदलले, नव्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलंत. शेवटी जे वाण हाती आलं ते काही जादूचं नव्हतं. बुटक्या भाताइतकं ते पिकत नाही. पण उभं राहतं, दाणे सुटतात, भाकरी मऊ होते. मामंजींनी एका वर्षी कोणाला न सांगता ते वरच्या शेतात लावलं. तुम्ही बघितलंत आणि कापणीला विळा घेऊन सगळ्यांच्या आधी तिथे उतरलात. त्यानंतर दोनच कापण्या तुम्हाला मिळाल्या.

आता वरचं शेत गेलं, तिथे इमारती आहेत. खालचा तुकडा मी ठेवलाय; मुलगा विकूया म्हणतो, मी नाही म्हणते. आजही बैठकीत मी दोनदा उठून बोलले. एकदा चुकीचं बोलले, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं. पुढच्या वेळी जाऊन दुरुस्त करेन.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे कागद तसेही माझ्यापाशीच राहायचे. पण एक सांगते. घरात आता सगळे माझंच ऐकतात, सूनसुद्धा. बाहेरच्यांना वाटतं, मी सुखी आहे. मला मात्र, तेव्हा तुम्ही माझी गाठ सोडलीत तसं, कोणीतरी "नाय" म्हणावं असं फार वाटतं.