जजसाहेबांची वीस कुपनं

गुरुवार, ३ ऑगस्ट

— आणि जजसाहेबांनी कुपनांची गड्डी टेबलावरून परत माझ्याकडे सरकवली. एका बोटाने. तेराच्या पोयादाची कुपनं: भाडं जमवायला कोंबडीचं जेवण, एका कुपनाला एक ताट.

"नेलीदा, पोरी, लोकांना कुपनं विकायला मला सांगू नकोस. तीस वर्षं न्यायाधीशाच्या खुर्चीवर होतो. कुणाकडे काडेपेटीसुद्धा मागितली नाही."

आमच्या खजिनदार डोन्या सोराइदांचं औषधांचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "मी गिऱ्हाइकाला गोळ्या देऊ की कोंबडी?" संस्थेचे बाकीचे विश्वस्त हसले.

मी घरमालकाचं पत्र वाचून दाखवलं. वर्षाचं भाडं एकरकमी, नाहीतर ३१ तारखेला घर रिकामं. वरच्या मजल्यावर कॅन्सरची नऊ मुलं, त्यांच्या नऊ आया. डोंगरातल्या गावांतून आलेल्या. केमोचे डोस अर्ध्यावर आहेत. या अरेकिपा शहरात त्यांचं दुसरं कुणी नाही.

मग घेतली सगळ्यांनी. प्रत्येकी वीस. सर्वांत शेवटी जजसाहेबांनी.

शनिवार, ५

काडेपेटीसुद्धा नाही, म्हणे! अहंकार, दुसरं काय. पहिल्या वर्षी मी बाजारात बटाटे मागत फिरले होते. हात झडला नाही माझा.

बुधवार, ९

खपली! दहा विश्वस्त, दोनशे कुपनं, सगळे पैसे जमा. भाड्याचा चौथा हिस्सा निघाला. उरलेलं त्या दिवशी बिअर आणि बिंगोच्या विक्रीतून निघेल. पोयादाला माणसं कोंबडीसाठी येतात आणि बिअरसाठी थांबतात, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

मी चुकले होते यांच्याबद्दल.

शनिवार, १२

दोनशे तुकडे मसाल्यात. आयांचे हात कोपरापर्यंत लाल. फेलिसितास, सर्वांत अबोल, तिने विचारलं, "ताई, उद्या एवढी माणसं आपल्याकडे येणार?"

येणार, म्हटलं.

रविवार, १३

दोन वाजेपर्यंत एकवीस माणसं. त्यांतही दहा विश्वस्तच!

बिअरचे क्रेट तसेच. गाणी मोठ्याने लावलेली, अंगण रिकामं. डोन्या सोराइदांनी रुमालासाठी पर्स उघडली. आत त्यांची वीसही कुपनं, रबर लावलेली.

"मीच घेतली गं सगळी. दारोदार तोंड वेंगाडण्यापेक्षा बरं ना?"

एकेकाला विचारलं. दहाच्या दहा जणांनी तेच केलं होतं! कुणीही कुणालाही विचारलं नव्हतं.

मी ओरडले. "पावणेदोनशे तुकडे आता तुम्ही खाणार का?" आणि जजसाहेबांकडे वळून, सगळ्या आयांसमोर: "या मुलांपेक्षा तुमची मान मोठी! वाकू नका हं, मोडेल!"

कुणीतरी गाणं बंद केलं.

जजसाहेब उठले. कोट घातला. ताटात सहा तुकडे घेतले, बटाटे, वर कागदी रुमाल. "मालक घरी असेल," म्हणाले, आणि चालत गेले. दोन्ही हातांत ताट धरून, भर उन्हात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पाचला परतले. रिकामं ताट मोरीत ठेवलं. "काय म्हणाला?" विचारलं.

"लगेच हो म्हणाला," जजसाहेब म्हणाले. बसले नाहीत.

सोमवार, १४

सकाळी आठला मालकाची चिठ्ठी आली. वर्षभर भाडं नको. खाली त्याच्या हाताने: "२००९ साली जजसाहेबांनी माझी जमीन मला मिळवून दिली. तेव्हापासून वाट पाहत होतो, कधी काही मागतील म्हणून."

साडेआठला जजसाहेबांचा विश्वस्तपदाचा राजीनामा. "त्याची जमीन कायद्याने त्याचीच होती. काल मी तिची किंमत घेतली."

आयांना मी फक्त मालकाची चिठ्ठी वाचून दाखवली.