व्हिटॅमिनची बाटली

३ मार्च
मनाच्या डॉक्टरांची गोळी सुरू होऊन महिना झाला. झोप लागते, गिऱ्हाइकांशी बोलावंसं वाटतं. गोळ्या व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्यात. हिला कळलं की हिच्या भावाला, म्हणजे आमच्या मेहुण्यांना कळणार, मेहुण्यांना कळलं की बोभाटा. वेड्याच्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार?

९ मार्च
दिवसभर खुर्चीमागे उभं राहून कंबर कामातून गेली. मेहुण्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या दिल्या. एकदम जालीम, अफूच्या जातकुळीतल्या, म्हणाले. माणूस एरवी काही कामाचा नाही, पण आज देवासारखा धावून आला.

१० मार्च
कंबर गप्प. एका गोळीत एवढं, तर दोनमध्ये किती! उद्यापासून दोन.

१२ मार्च, दुपार
गोळ्या संपत आल्या. औषधवाला म्हणाला, चिठ्ठीशिवाय देणार नाही. वर विचारलं, दुसरं काही चालू आहे का, मनाच्या गोळ्यांबरोबर ही घेतली तर जिवावर बेततं. दुकानात ओळखीचे लोक होते. फक्त व्हिटॅमिन, म्हटलं. घाबरवणं हा त्यांचा धंदाच आहे.

१३ मार्च
घाम फुटतोय, पाय एका जागी ठरत नाहीत. उत्साह, दुसरं काय! हेडमास्तरांची दाढी करताना वस्तरा जरा हलला. कानाखाली थोडं रक्त. तुरटी फिरवली. हात का थरथरतोय, त्यांनी विचारलं. चहा जास्त झाला, म्हटलं. आजपासून चहा बंद.

१४ मार्च
छाती धडधडते. चहा सोडल्यामुळेच. दुपारी परत सुरू केला.

१६ मार्च, हॉस्पिटल
काल दुकानातच झटका येऊन पडलो, म्हणे. अंग तापलेलं, पाय ताठ. वस्तरा हातात होता. खुर्ची रिकामी होती, हे गिऱ्हाइकाचं नशीब.
डॉक्टरांनी औषधं विचारली. मेहुण्यांनी आपल्या गोळ्या कबूल केल्या. आणखी काही? मी तोंड उघडणार, तोवर हीच ठामपणे म्हणाली, "व्हिटॅमिनशिवाय काही नाही. माझ्या डोळ्यांदेखत घेतात."
मेहुणे उशाशीच उभे होते. उद्या सांगेन.

१७ मार्च
दुखण्याची गोळी बंद करूनही थरथर का थांबत नाही, डॉक्टरांना कळेना. मेहुणे गेले की सांगायचं ठरवलं. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू.
मेहुणे गेले. हिने पर्समधून बाटली काढली. डोळे रडून सुजलेले. "किती अशक्तपणा आलाय. आजपासून दोन-दोन घ्या."
घेतल्या.
आता लगेच सांगितलं, तर हिला वाटेल, आपल्याच हातून घात झाला. उद्या सांगतो.