दगडाचा शेक

भांडुप,
९ मार्च २०२५

चि. समीक्षा,
आईचा जय भीम आणि भरपूर आशीर्वाद. अहमदाबादला ऊन तापायला लागलं असेल, टोपी घालत जा. मी बरी आहे.

काल फोनवर इतकी चिडलीस की मला माझं काही बोलायलाच मिळालं नाही. म्हणून हे लिहितेय. फोनसारखं पत्र कट करता येत नाही.

हो, तापवला मी तो दगड. तुझ्या शिवदासकाकाच्या शेतात आभाळातून पडलेला, त्याने माझ्याकडे आणून ठेवलेला, तू दिवाळीला येऊन नेणार होतीस तोच. दिवाळीला आली नाहीस, नाताळच्या सुट्टीतही नाही. "आई, कोरड्या जागी ठेव, ओला होऊ देऊ नकोस," म्हणाली होतीस. तापवू नकोस असं कुठे म्हणालीस गं?

थंडीत माझे गुडघे आखडले. शेकायची वीट फुटून गेली होती. मग हाच दगड रोज संध्याकाळी गॅसवर चांगला तापवायचा, जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळायचा. विटेपेक्षा कितीतरी जास्त वेळ ऊब धरायचा. शेकता शेकता त्याच्याशी बोलायचे पण. घरात दुसरं आहे कोण?

पुढे तुझ्या लॅबमधला नितेश येऊन तो घेऊन गेला. कॅडमियम, बिस्मथ असले धातू दगडात अगदी कणभर असतात, दगड तापला की तेही उडून जातात, आणि किती उरले त्यावरून तो आभाळात किती भाजला ते कळतं, असं काल तूच सांगितलंस. तुम्हाला वाटलं, वर कुठेतरी भाजला. भाजला भांडुपला! गोधडीचे धागे चिकटलेले दिसले नसते तर तसंच छापून मोकळी झाली असतीस. तुझ्या कामाची वाट लागली, मला खरंच वाईट वाटतंय.

पण किती आचेवर, किती वेळ, रोज की अधूनमधून, सगळं खोदून खोदून विचारलंस. का तापवला, ते नाही विचारलंस.

मी बरी आहे असं वर लिहिलंय ते खोटं आहे. बिल्डिंगला लिफ्ट नाही, मला तीन जिने उतरवत नाहीत. भाजी शेजारची शकु आणून देते. फार एकटं वाटतं गं.

पडताना त्या दगडाचा एक तुकडा उडाला होता, तो अजून डब्यात आहे. त्याला आच लावलेली नाही. कुरिअरने पाठव म्हणालीस. नाही पाठवणार. तू स्वतः ये न्यायला. माझ्या गुडघ्यांसाठी नको येऊस, दगडासाठी ये. मला चालेल.

दार उघडायला थोडा वेळ लागेल, बेल वाजवून परत जाऊ नकोस.

तुझी आई,
कमल