राहिलेली ओटी

रविवार, संध्याकाळ. कळमनुरी.

उद्या पहाटे निघायचं. काल गावानं सत्कार केला, फेटा बांधला. लष्करात एवढ्या मोठ्या हुद्द्यावर पोचलेली इथली पहिलीच बाई म्हणून. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आज धाकटी बहीण सासरी निघाली. वहिनीनं तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी शेजारीच उभी. ताट घेऊन वहिनी सरळ आत वळली.

"काहून वहिनी, माझी न्हाई?"

"तुमी आता मोठ्या साहेब, ताई. मला भ्याव वाटतं."

हसले मी. कालचा फेटाच आड आला का? हजारो जवानांना हुकूम देते. ओटी मात्र दुसऱ्यांदा मागता आली नाही.

आज मुद्दाम साडी नेसले होते, ओटी घ्यायला पदर असावा म्हणून.