पडदा नेसलेली बॅग

ती. आईस,
इतक्या लांबून, पण वाकून नमस्कार.

सुखरूप पोचले. विमानतळावरून शहरात यायला लगेच बस मिळाली, खिडकीही मिळाली. शेजारच्या आजींनी न मागता लिमलेटची गोळी दिली. एकूण थाट होता!

आता रागावू नकोस. गडबडीत मी एक थांबा आधीच उतरले आणि बॅग बसच्या पोटातच राहिली. बस निघाली, आणि मी रस्त्यात हात हलवत उभी, जणू तिला निरोपच द्यायला आले होते.

रडले नाही. म्हणजे, फार नाही. मागच्या बसने शेवटचा थांबा गाठला. तिथे काळ्या बॅगांचा हा ढीग! सामानवाल्याने विचारलं, "तुमची कशी होती?"

"पडदा नेसलेली," मी म्हटलं.

"ती होय!" तो हसतच सुटला. "ती केव्हाची माझ्या खुर्चीवर बसली आहे."

पुढच्या खोलीतला फुलाफुलांचा पडदा कापून तू बॅगेला गवसणी शिवलीस, तेव्हा "लोक हसतील" म्हणून मी किती तणतणले! हसले खरे, पण बॅग मिळाली.

माझी खोली छान आहे. लहान आहे, पण उजेड भरपूर. खिडकी उघडीबोडकी होती, म्हणून आल्या आल्या गवसणी उसवून तिथे लावली. खालून वीतभर कमी पडते, तरी खोली ओळखीची वाटायला लागली.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि खरं सांग, आपल्या खिडकीला आता काय लावलंस? दुपारचं ऊन थेट तुझ्या शिलाई मशीनवर येत असेल ना गं?

तुझीच,
धाकटी