ड्रॉवरमधला माउस

प्रिय चिमणे,

कालच फोनवर एवढं बोललो आणि आज आईची ही लांबलचक ईमेल बघून तू कपाळाला हात लावशील. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे! सोमवारपासून तू कामावर जाणार, बाळ दिवसभर माझ्याकडे, दूध किती कोमट आणि झोपवायचं कधी, सगळं तूच ठरवून टाकलंस. मी नुसती हं हं करत राहिले.

लॅबमधल्या माझ्या टायपिंगच्या वेगाचं कौतुक तू सगळ्यांना सांगतेस. 'आमची आई माउसला हातसुद्धा लावत नाही.' जावईबापूंनी म्हणे त्यांच्या ऑफिसातल्या पोरांना माझं उदाहरण दिलं. खरंच आहे ते. टॅब दाबला की पुढचा रकाना, शिफ्ट धरून दाबला की मागचा, ऑल्ट धरला की एका खिडकीतून दुसरीत. रक्ताचे, थायरॉइडचे रिपोर्ट मी असे हातावेगळे करते की नवीन मुली खुर्चीमागे उभ्या राहून बघतात. 'तुफान मॅडम' म्हणतात मला, आणि मीही चांगली भाव खाते.

आता खरं ऐक. वेगाचं हे सगळं सोंग आहे. तुला दिवस गेले त्याच सुमारास पडद्यावरचा बाण माझ्या हातात ठरेनासा झाला. सेव्हवर न्यावा तर शेजारच्या डिलीटवर जाऊन बसायचा. एका आजोबांचा अख्खा रिपोर्ट उडाला, तेव्हा मी माउसच खराब आहे म्हणून आरडाओरडा केला. साहेबांनी बिचाऱ्यांनी नवा आणून दिला. त्याचाही बाण तसाच नाचायला लागला, मग मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि एकेक कळ पाठ करायला घेतली. तळहात टेबलाला टेकवले की बोटं बऱ्यापैकी ऐकतात. एकच अक्षर दोनदा उमटायचं, त्यावरही कॉम्प्युटरमध्ये सोय सापडली, लागोपाठची दुसरी टकटक तो सोडूनच देतो. कुणाला पत्ता लागला नाही. डॉक्टरांकडे चोरून जाऊन आले. जिवाला धोका नाही, पण हाताचा कंप हळूहळू वाढत जाणार, म्हणाले. तुझ्याकडे चहा अर्धा कपच घेते आणि वजनाचं कारण सांगते, ते यासाठी. तू चिडवायचीस आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. मला तुझ्यासमोर म्हातारं व्हायचं नव्हतं गं.

एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं होतं. बाळाच्या कपाळावर टेंगूळ आलं, तो दिवस आठव. तू बाहेर गेली होतीस, मी तुझ्या घरी होते आणि बाळाला सांभाळणाऱ्या मावशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. बाळ उठलं आणि रडायला लागलं. त्या येईपर्यंत मी थांबायला हवं होतं, पण मी आजी ना, मला कुठला धीर! पाळण्यातून उचललं आणि माझे हात असे थरथरले की ते निसटलंच. कपाळ कठड्यावर आपटलं. मावशी धावत आल्या, त्यांनीच माझ्याकडून घेऊन त्याला शांत केलं. संध्याकाळी तू टेंगूळ बघितलंस आणि त्यांच्यावर तुटून पडलीस. त्या म्हणाल्या, 'बाळ आजींच्या हातात होतं, त्यांना विचारा.' तू माझ्याकडे वळलीस. मी म्हटलं, 'मी उचललं तेव्हा ते आधीच रडत होतं.' शब्द न् शब्द खरा आणि सगळं खोटं. तू त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणालीस. त्या चपला घालेपर्यंत माझ्याकडे बघत होत्या आणि मी दुपट्यांच्या घड्या घालत होते.

काल तुझा फोन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मूल आपटलं म्हणून काढलं, ही बातमी बिल्डिंगभर पसरली आहे आणि त्यांचं दुसऱ्या घरचं कामही सुटलंय. मी माफी मागितली. दार अर्धवट उघडं धरून त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'हे मला कशाला सांगता? मला माहीतच आहे. लेकीला सांगा.' मग दार लावून घेतलं. म्हणून हे लिहिते आहे. तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, याचाही तुला राग येईल, येऊ दे. आपण दोघी त्यांच्याकडे जाऊ, बोलेन मीच. परत यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. आणि सोमवारी बाळाला माझ्याकडे सोडून जाऊ नकोस. रविवारी घेऊन ये. मी जमिनीवर गादी घालून बसेन, तू त्याला माझ्या मांडीवर ठेव आणि तिथून उठू नकोस.

तुझीच,
आई